कोर्टाची पायरी : निकाल आलाय खरा, पण कधीचा?

यावेळी पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच वैतागाची. कोर्टाचे निकाल रोज इतके अंगावर येतात की कुठला खरा, कुठला जुना, कुठला आपल्याला लागू, काही उमगत नाही. म्हटलं या महिन्यात डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डरने टाळलेली जमीन सोसायटीच्या नावावर करून घेणं, बाजूला ठेवू, हेच घेऊ. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत.

प्रश्न : ताई, मी गोरेगावच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी, वय ६८. बिल्डिंग १९९८ ची, खाली स्टिल्ट, म्हणजे खांबांमधली मोकळी जागा. आमचे एक मेंबर रोज सकाळी ग्रुपवर गुड मॉर्निंगच्या आधी कोर्टाचा निकाल टाकतात. परवाचा असा, 'ब्रेकिंग! बिल्डरला पार्किंग विकता येणार नाही, सुप्रीम कोर्टाचा दणका.' ज्यांनी तेव्हा बिल्डरला पैसे मोजून स्टिल्टमध्ये जागा घेतली ते भडकलेत, ज्यांना मिळाली नाही ते एजीएममध्ये बघून घेतो म्हणतात. रविवारी एजीएम आहे. हे खरं आहे का? आणि असलं काही आलं की तपासायचं कसं?

उत्तर : काका, खरंय, फक्त ब्रेकिंग नाहीये. तो निकाल ३१ ऑगस्ट २०१० चा आहे, नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी, आणि गंमत म्हणजे भांडण तुमच्याच लाइनवरचं, दहिसरच्या आनंदनगरातलं. सुप्रीम कोर्ट म्हणालं की मोफा कायद्याखाली, म्हणजे १९६३ चा आपला महाराष्ट्राचा फ्लॅट ओनरशिपचा कायदा, स्टिल्टमधली जागा म्हणजे गॅरेज नाही, ती फ्लॅटसारखी वेगळी विकता येत नाही, ती सगळ्यांची. मुंबई हायकोर्टानेही त्याआधी हेच म्हटलं होतं. तुमची बिल्डिंग १९९८ ची, म्हणजे मोफाच्या काळातली, त्यामुळे हा निकाल तुमच्या कामाचा आहे. पण तोच मेसेज तुमच्या मेहुण्याच्या नव्या टॉवरच्या ग्रुपवर गेला तर तिथे नुसता गोंधळ होईल, कारण मध्ये २०१६ चा रेरा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांचा नवा केंद्रीय कायदा, आलाय. रेराच्या प्रोजेक्टमध्ये ओपन पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, पण गॅरेज आणि कव्हर्ड पार्किंग पैसे घेऊन देता येतं, महारेराने, म्हणजे त्या कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या प्राधिकरणाने, जुलै २०२१ मध्ये तसं सर्क्युलरच काढलंय. म्हणजे निकाल खोटा नाही की बदललेला नाही, त्याच्या पायाखालचा कायदा नव्या बिल्डिंगांपुरता वेगळा झाला.

आता तपासायचं कसं. मेसेजमध्ये चार गोष्टी शोधायच्या : कोण विरुद्ध कोण, कुठलं कोर्ट, तारीख, नंबर. चारातली एकही नसेल तर तो निकाल नाही, ती आरोळी आहे. तुमच्या मेंबरना ग्रुपवरच सांगा की नंबर टाका, निम्मे फॉरवर्ड तिथेच बंद होतील (आमच्या बिल्डिंगमध्ये झाले). २०२३ पासून नंबरचं काम फार सोपं झालंय. सुप्रीम कोर्टाच्या निकालाला आता आधी वर्ष, मग आयएनएससी, मग आकडा असा नंबर असतो. मुंबई हायकोर्टाचा वर्ष, मग बीएचसी, आणि पुढे एएस म्हणजे अपेलेट साइड, ओएस म्हणजे ओरिजिनल साइड, नागपूर, औरंगाबाद, गोवा असेल तर त्यांची अक्षरं. तो नंबर कोर्टाच्या साइटवर टाकला की अख्खा निकाल फुकट उघडतो. जुन्यांसाठी ई-एससीआर आहे, जानेवारी २०२३ ला सुरू झालं, सुप्रीम कोर्टाचे स्वतःचे अधिकृत रिपोर्ट, तेही फुकट. पांचालीचा निकाल तिथून काढून प्रिंट घ्या.

आणि एजीएमचं म्हणाल तर ज्यांनी पैसे दिलेत त्यांच्याकडून त्या सभेतच जागा काढून घ्यायच्या भानगडीत पडू नका. त्यांच्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये काय लिहिलंय ते वकिलाकडून वाचून घ्या, पार्किंग अलॉट करायचं काम बाय-लॉजप्रमाणे सोसायटीचं आहे, गाड्या जास्त नि जागा कमी असेल तर चिठ्ठ्या टाकायची सोय तिथेच आहे. निकाल वाचून दाखवा, ठराव नीट लिहा, आणि चहा आरडाओरड्याच्या आधी द्या.

प्रश्न : मॅडम, आम्ही तिघी बहिणी, एक भाऊ. संगमेश्वर तालुक्यात वडिलोपार्जित जमीन आणि घर. वडील २००३ ला मृत्युपत्र न करता गेले, वाटण्या कधी झाल्या नाहीत. भाऊ सुप्रीम कोर्टाच्या एका निकालाचं प्रिंटआउट दाखवतो, लॅमिनेट करून ठेवलंय त्याने, आणि म्हणतो २००५ च्या आधी वडील गेले तर मुलींना शून्य. लालबागची पागडीची खोली पण तोच वापरतो. तो खोटं बोलतोय का?

उत्तर : ताई, भाऊ खोटं बोलत नाहीये, तो २०१५ मध्ये राहतोय. त्याच्याकडचा कागद बहुतेक प्रकाश विरुद्ध फुलवतीचा असणार. त्यात दोन न्यायमूर्तींच्या बेंचने म्हटलं होतं की ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील आणि मुलगी दोघं हयात असतील तरच मुलगी सहदायाद, म्हणजे मुलासारखी जन्मापासून हक्कदार. मग २०१८ ला दनम्माच्या केसमध्ये दुसऱ्या दोन न्यायमूर्तींनी, वडील आधी गेलेले असूनही, मुलींना हिस्सा दिला. दोघंही दोघांचे बेंच, मग खालच्या कोर्टाने ऐकायचं कुणाचं? शेवटी तिघांच्या बेंचकडे गेलं आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा हा निकाल आला. हक्क जन्माने येतो, त्यामुळे २००५ ला वडील हयात असायची गरज नाही. २०१५ चा निकाल तिथे मोडीत निघाला. लॅमिनेशनने काही वाचत नाही.

दोन पथ्यं मात्र आहेत. २० डिसेंबर २००४ च्या आधी रजिस्टर्ड किंवा कोर्टामार्फत वाटणी झाली असेल तर ती उकरता येत नाही. 'अरे आमची तोंडी वाटणी झालेलीच होती' असं आता अचानक कुणाला आठवलं तर कोर्ट सहसा मानत नाही, त्याला त्या काळचे सरकारी कागद लागतात, सातबारा, फेरफार वगैरे. तेव्हा आधी तलाठ्याकडून फेरफाराचे उतारे काढा, कारण तुम्ही म्हणताय वाटण्या झाल्या नाहीत पण कागद काय म्हणतात ते अजून तुम्ही बघितलेलं दिसत नाही. दुसरं, हे सगळं वडिलोपार्जित मिळकतीचं. वडिलांनी स्वतः घेतलेलं काही असेल तर मृत्युपत्र नसताना तिथे मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासूनच आहे.

आणि एक गोष्ट भावाला जरूर सांगा, त्याचा तो २०१५ चा निकाल धरला तरीसुद्धा 'शून्य' कधीच नव्हतं. जुन्या कायद्यातही वडिलांच्या वाट्याला जे येईल त्यात मुलींचा हिस्सा होताच. त्याने निकाल वाचलाच नाहीये, फक्त मथळा लॅमिनेट केलाय.

खोलीचं गणित वेगळं, ते यात मिसळू नका. पागडी म्हणजे भाडेकरूचा हक्क, तो भाडे नियंत्रण कायद्याने आधी वडिलांबरोबर त्या खोलीत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो. वडील गेले तेव्हा तिथे कोण कोण राहत होतं ते कळवा, मग बोलू.

प्रश्न : मी ठाण्याला राहते, लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फोर्टमध्ये एका सीनियरकडे जाते. तीन अ‍ॅप, पाच टेलिग्राम चॅनेल, लॉ फर्म्सचे मेल, दोन पॉडकास्ट, सगळं लावलंय आणि तरी सरांनी विचारलं की मला तो नेमका निकाल माहीत नसतो. रात्री एकपर्यंत वाचते आणि सकाळी काही आठवत नाही. तुम्ही सगळं कसं फॉलो करता?

उत्तर : करत नाही. कुणीच करत नाही, जे करतो म्हणतात ते मथळे वाचतात.

मी जुनियर होते तेव्हा हा त्रास नव्हता कारण माल कमी यायचा. नागपूरहून एआयआरचे, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकाल छापणाऱ्या नियतकालिकाचे, अंक यायचे, बॉम्बे लॉ रिपोर्टर यायचा, जो १८९९ पासून निघतोय, आणि आठवड्याचा अंक आला की चेंबरमध्ये पहिलं काम माझं. निकाल वाचायचा, आणि त्यात एखादा जुना निकाल मोडला असेल तर शेल्फमधलं ते जुनं व्हॉल्यूम काढून त्या पानावर समासात पेन्सिलने लिहायचं, अमुक सालच्या अमुक केसमध्ये ओव्हररूल्ड. धुळीने शिंका यायच्या, साडीवर काळे पट्टे. मला ते हमालीचं काम वाटायचं. मग प्रॅक्टिसच्या चौथ्या वर्षी मी एका कोर्टात ताठ मानेने एक निकाल वाचून दाखवत होते, आणि समोरचे वयस्कर वकील उठलेपण नाहीत, एक झेरॉक्स टेबलावरून माझ्याकडे सरकवली फक्त. माझा निकाल दोन वर्षांपूर्वीच मोडीत निघाला होता. जजसाहेब काही बोलले नाहीत, पाणी प्यायले. त्या दिवसापासून मी नवा निकाल वाचण्याआधी जुन्याचं काय झालं ते बघते.

तर तुझ्यासाठी. एक विषय धर, सरांकडे जे जास्त येतं तेच, समज चेकबाउन्स किंवा भाडेकरू. त्या विषयातला सुप्रीम कोर्टाचा नि मुंबई हायकोर्टाचा निकाल आला की तेवढाच अख्खा वाच, बाकीच्यांचा फक्त शेवटचा परिच्छेद. वाचायची सुरुवात शेवटूनच करायची, ऑर्डर काय झाली ते आधी. आपल्या हायकोर्टात 'रूल, रिटर्नेबल फोर्थविथ' असलं दिसलं तर घाबरू नकोस, याचा अर्थ अर्ज दाखल करून घेऊन तिथेच शेवटपर्यंत ऐकला. रूल अ‍ॅब्सोल्यूट म्हणजे अर्जदार जिंकला, डिस्चार्ज्ड म्हणजे हरला. मग वस्तुस्थिती वाच, आणि मग मधलं. उलट वाचलंस की मधल्या चाळीस पानांत कुठलं वाक्य निकालाला खरंच लागत होतं नि कुठलं जाता जाता आलंय ते आपोआप दिसतं. वर बारीक अक्षरात हेडनोट असते ती संपादकाने लिहिलेली, ती निकालाचा भाग नाही, ती कोर्टात वाचलीस तर जजसाहेब बरोबर पकडतात.

बेंच मोजायची सवय लाव. निकाल किती न्यायमूर्तींचा ते बघ, एक, दोन, तीन, पाच, कारण मोठ्या बेंचपुढे छोट्याचं चालत नाही. सुप्रीम कोर्टाने सांगितलेला कायदा घटनेच्या १४१ कलमाने देशभर सगळ्यांना बांधतो, पण दिल्ली किंवा मद्रास हायकोर्टाचा निकाल आपल्याकडे नुसता पटवून द्यायच्या कामाचा. लोक इथेच फसतात, 'हायकोर्टाने सांगितलं' म्हणतात, अगं पण कुठल्या?

चॅनेलांतले चार बंद कर. लाइव्ह लॉ किंवा बार अँड बेंच, या कोर्टाच्या बातम्यांच्या साइटपैकी कुठलीतरी एक, लोकलमध्ये, ठाणे ते सीएसएमटी, उतरलं की बंद. शोधायला इंडियन कानून आहेच, २००८ पासून, आणि त्याचं सगळ्यात मोलाचं फीचर लोक वापरतच नाहीत : कुठल्याही निकालापाशी तो पुढे कुठल्या कुठल्या निकालांत आलाय त्याची यादी मिळते, ती तारखेने लावून वरचे चार उघडायचे. तेच माझं पेन्सिलीचं काम आता मशीन करतं, शिंका न येता.

लॉ फर्मचे मेल आणि लेख याबद्दल माझं मत थोडं कडक आहे. लिहिणाऱ्याने परिच्छेदाचा नंबर दिलाय का बघ. दिला असेल तर त्याने निकाल वाचलाय. नसेल तर त्याने दुसऱ्याचा लेख वाचलाय. आणि खाली नाव बघ, त्या केसमध्ये हरलेल्या बाजूचे वकीलच 'हा निकाल पुनर्विचाराला पात्र का आहे' असा लेख लिहितात कधीकधी, लेख चांगला असतो पण मीठ घालून वाचायचा नसतो, मीठ काढून वाचायचा असतो.

हो, आणि एक खड्डा तुमच्या पिढीसाठी खास. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स अ‍ॅक्ट गेले, न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष्य अधिनियम आले. जुन्या सीआरपीसीत ४८२ म्हणजे हायकोर्टाकडे एफआयआर रद्द करायला जायचं कलम, आमच्या तोंडात बसलेला आकडा. नव्या संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता, आणि रद्द करायचं झालं ५२८. परवा एका जुनियरने ४८२ चे निकाल काढ म्हटल्यावर निम्मे जामिनाचे नि निम्मे क्वाशिंगचे, म्हणजे एफआयआर रद्द करायचे, आणून ठेवले, पोराची काय चूक. कलम शोधताना सोबत तारीख टाकायचीच.

प्रश्न : टीव्हीवर दिवसभर 'कोर्टाने सरकारला झापलं' चालू होतं, दुसऱ्या दिवशी ऑर्डर वाचली तर त्यात त्याबद्दल एक ओळ नाही, नुसती पुढची तारीख. दबाव आला का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नाही हो, जजसाहेब सुनावणीत जे बोलतात ते वकिलाला चाचपण्यासाठी, कधी वैतागून. ऑर्डर म्हणजे कागदावर सही झालेलं. २०२१ ला मद्रास हायकोर्ट कोविडमधल्या प्रचारसभांवरून निवडणूक आयोगाला फार कडक बोललं होतं आणि आयोग थेट सुप्रीम कोर्टात गेला की हे शब्द काढा. सुप्रीम कोर्ट म्हणालं की ते शब्द ऑर्डरमध्ये नाहीतच तर काढायचे कुठून, आणि कोर्टात काय बोललं जातं ते छापायला मीडियाला बंदीही नाही. दोन्ही एकाच वेळी खरं. तसंच 'नोटीस काढली' म्हणजे फक्त समोरच्याला बोलावलं, आणि 'सुप्रीम कोर्टाचंही शिक्कामोर्तब' अशी बातमी आली की बघा, एसएलपी, म्हणजे अपिलाची परवानगी मागणारा अर्ज, एका ओळीत फेटाळली असेल तर त्याला शिक्कामोर्तब म्हणत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००० साली कुन्हयम्मदच्या केसमध्ये हेच स्पष्ट केलंय, कारण न देता दारातूनच परत पाठवलं म्हणजे हायकोर्टाचा निकाल त्यांना पटला असा अर्थ निघत नाही.

प्रश्न : दिंडोशी कोर्टात आमची केस आहे. वकील फोन उचलत नाहीत. मुलगा म्हणतो अ‍ॅपवर सगळं दिसतं, मला काही सापडत नाही.

उत्तर : काकू, ई-कोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं अ‍ॅप. त्यात सीएनआर नंबर लागतो, सोळा अक्षर-आकड्यांचा, तो वकिलांकडून एकदाच लिहून घ्या आणि डायरीच्या पहिल्या पानावर ठेवा. त्याने पुढची तारीख, रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं त्याची नोंद) आणि अपलोड केलेल्या ऑर्डरी दिसतात. रोजनामा वाचा, त्या दिवशी तुमचे वकील हजर होते की नाही तेही बऱ्याचदा तिथे असतं, मग फोनवर बोलायला विषय मिळतो. हायकोर्टाचं असेल तर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी, आदल्या संध्याकाळी त्यांच्या साइटवर बघायचा. 'एसओ' दिसलं तर ते स्टँड ओव्हर, म्हणजे तारीख पडली.

प्रश्न : भाच्याने एआयला विचारून आमच्या मेंटेनन्सच्या वादावर हायकोर्टाचे पाच निकाल काढून दिले, नंबरासकट. रजिस्ट्रारकडे लावू का?

उत्तर : आधी पाचही उघडून बघा. मला खात्री आहे एकदोन उघडणारच नाहीत. हे मशीन निकालासारखा दिसणारा निकाल रचतं, पक्षकारांची नावं, वर्ष, पान, सगळं झकास, फक्त तसा निकाल कधी झालेलाच नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्याच हायकोर्टाने एक इन्कम टॅक्सची असेसमेंट ऑर्डर रद्द केली, अधिकाऱ्याने आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते. तो सरकारी अधिकारी होता, तुम्ही तर अर्जदार. उघडले, वाचले, तुमच्या बाजूचे निघाले तर लावा, आणि वरच्या काकांना सांगितलं तसं तारीख नि कायदा बघून. भाच्याला शाबासकी द्या, पण नंतर.

प्रश्न : निकाल मराठीत मिळतात का? इंग्रजी वाचून डोकं दुखतं.

उत्तर : काही मिळतात. घटनेच्या ३४८ कलमाप्रमाणे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टाची भाषा इंग्रजी, पण सुप्रीम कोर्टाने २०१९ पासून सुवास नावाचं भाषांतराचं सॉफ्टवेअर वापरायला घेतलंय आणि साइटवर मराठी भाषांतरंही ठेवलीत. विषय समजायला उत्तम, पण मराठी सरकारी आहे, 'प्रतिवादी क्रमांक दोन यांस' वगैरे, दोन चहा लागतील. प्रत्येकावर लिहिलेलं असतं की खरा धरायचा तो इंग्रजीच, त्यामुळे कुठे दाखल करायचा असेल तर इंग्रजी प्रत लावा आणि मराठी स्वतःजवळ ठेवा.